टेकडीवरचा बोळका म्हातारा

द्मानिसी गावातल्या दातांच्या दवाखान्यात लमारा सुजलेला गाल धरून बसली होती. शेजारी म्हातारा ओटिया, आणि पुस्तकात डोकं घातलेली त्याची बायको त्सियाला.

"सगळे दात काढले, की माझं संपलंच," ओटिया बायकोला म्हणाला.

"ऐक तरी," त्सियाला पुस्तकातून म्हणाली. "आपल्या टेकडीवर ज्याची कवटी सापडली, त्या म्हाताऱ्याला एकच दात उरला होता. तरी पुढे कितीतरी वर्षं जगला."

"कधीची गोष्ट?"

"अठरा लाख वर्षांपूर्वीची. माणूस अजून पुरता माणूसही झाला नव्हता."

"मग त्याला मऊ करून खायला कोण घालत होतं?"

"ते लिहिलेलं नाही. पण बहुधा कुणीतरी होतं, म्हणतात."

"तू घालशील?"

"दोन वर्षं तुझ्या ताटात मांस बारीक चिरून येतंय. तुला काय वाटलं, सुरी नवी आहे म्हणून?"

आतून हाक आली. ओटियानं टोपी त्सियालाच्या मांडीवर ठेवली.

"येतो जाऊन. रविवारी मांसच कर."