'मोठं' आता कुणी वाजवायचं?

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे पाहुणे, आमचे मास्तर, वहिनी, एकतीस वर्षं आमचा सराव भिंतीपलीकडून ऐकूनही आज पुढच्या रांगेत बसलेले शेजारी आणि रसिक मित्रमैत्रिणींनो,

ड्रम बडवणाऱ्याच्या हाती माइक द्यायचा नाही, हा आमच्या बँडचा नियम. आज बँडच निरोप घेतोय, तेव्हा नियमही गेला असं मी धरून चालतो. एरवी मी चष्मे विकतो, हे आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या नाकावर दिसतंच आहे.

तुमचं हे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नेमकं काय हो, असं वहिनींनी लग्नानंतर विचारलं होतं. मास्तर म्हणाले, "गाणं संपलं समजून लोक टाळ्या वाजवतात आणि अजून चौदा मिनिटं बाकी असतात, ते."

मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी माझ्या दुकानामागच्या खोलीत कीबोर्डवर बसून आम्हाला मोजायला लावायचे. कागद मात्र नाही. "लिहून दिलं की तुम्ही वाचाल, ऐकणार नाही," म्हणायचे. त्यामुळे आमची बावीस मिनिटांची रचना, जिला आम्ही नुसतं 'मोठं' म्हणतो, ती तिघांच्या डोक्यातच राहिली. तिसरे माझे भावोजी, गिटारवाले. ते समोरच बसलेत, जागे आहेत.

'मोठं'चा मधला भाग सात मात्रांच्या मोजणीत सुसाट धावतो. रेकॉर्ड करताना नेमका तिथे माझा चष्मा घसरला. तो सावरेपर्यंत सातचे आठ झाले. चष्मेवाल्याचाच चष्मा घसरावा, आता काय बोलायचं? स्टुडिओतली आमची वेळ संपली होती, रेकॉर्ड तशीच निघाली. मास्तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे स्टेजवर आम्ही कायम सातच वाजवले.

गेल्या वर्षी मास्तरांच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडली. फिजिओथेरपिस्ट पोरीनं टेबलावर बोटं चालवायचा व्यायाम दिला, तर हे गृहस्थ 'मोठं' वाजवायला लागले. चार ओळी झाल्या न झाल्या, तोच तिनं टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं पुढचं वाजवलं! तिचा दोन मैत्रिणींबरोबर बँड निघाला. सगळं आमच्या रेकॉर्डवरून बसवलेलं. मास्तर हरखून त्यांच्या सरावाला गेले, मलाही ओढून नेलं. आणि मधल्या भागात त्या तिघींनी माझी चूक जशीच्या तशी, अगदी छाती काढून वाजवली.

मास्तर उठले आणि निघून गेले. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

महिनाभर तो विषय काढायची सोय नव्हती. शेवटी मीच विचारलं, "मास्तर, आता 'मोठं' कुणी वाजवायचं?"

"कुणीच नाही. माझ्या बोटांबरोबर संपलं ते."

दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मला रडू आलं. सांगायला लाज कसली?

परवा मात्र ते स्वतःच आले. चष्म्याची काडी सैल झाल्याचं निमित्त. म्हणाले, "तू चुकलास ना, त्या आठव्या मात्रेवर ती पोरगी श्वास घेते."

"बरं, मग?"

"मग काय! मला एकतीस वर्षं तिथेच धाप लागायची."

"म्हणजे त्यांना वाजवू द्यायचं?"

"बघू. समारंभात सांगतो."

म्हणून आपल्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटची ओळ कोरी आहे. छपाईवाल्याला नावं ठेवू नका. त्या तिघी वाद्यं लावून माझ्या मागे उभ्या आहेत आणि मला कालपासून घास गोड लागत नाहीये.

तर मास्तर, सगळ्यांसमोर विचारतो... मास्तर? कुठे निघालात? वहिनी, धरा त्यांना जरा. नको? बरं बाबा.

मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो. मास्तर कीबोर्डपाशी गेलेत. स्टुलाचा स्क्रू फिरवताहेत. बोटं ऐकत नाहीयेत, पण ती फिजिओथेरपिस्ट पोरगी मदतीला आली तर तिलाही हात लावू देत नाहीत. स्टूल वर घेताहेत... मास्तरांना एवढं उंच कधी लागत नाही. तिच्या मापाचं करताहेत.

आणि तिला काहीतरी म्हणाले. काय ग, काय म्हणाले? "आठच मोज"?

अध्यक्ष महोदया, पाहुणे, सभागृहाचे कर्मचारी आणि आपण सगळे, मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ड्रमवाला म्हणून सोडून द्या. भावोजी, सरका जरा. 'मोठं' मी समोर बसून कधी ऐकलेलंच नाही.