बुर्गीचा बाक कुणीकडे तोंड करून

...नाही, पण मी म्हणतो, यायचंच होतं तर तोंड उघडायला काय झालं होतं? तुम्हाला सांगतो, आमच्या गावच्या भटकंती मंडळाची वार्षिक सहल, मी अध्यक्ष म्हणून सकाळपासून कारंज्यापाशी उभा, बूट घासलेले, टोपीत पीस खोवलेलं, आणि येतंय कोण? कुण्णी नाही! निम्मं मंडळ चर्चमागे पुरलेलं, उरलेल्यांचे गुडघे गेलेले, आणि धडधाकट असा आला एकटा कोर्बिनियान. आमचा खजिनदार. माझा मेहुणा. माझ्या बुर्गीचा सख्खा धाकटा भाऊ! आणि आमचं बोलणं बंद. ती गेली तेव्हापासून बंद.

मी काही बोललो नाही.

निघालो. मी पुढे, तो मागे. काय दरी फुलली होती हो! उतारभर लालभडक झुडपं, ओढा खळाळतोय, बिळांतून डोकावणाऱ्या त्या मार्मोटांच्या शिट्ट्या... आणि आम्ही दोघं प्रेतामागे चालल्यासारखे! चढावर गाय आडवी आली, तर हा गाईला म्हणतो, "बघ गं शेके, काही माणसं नुसती पुढे पळतात! मागच्याला धाप लागलीय, दिसतंय का त्यांना?" मग मीही गाईलाच म्हटलं, "शेके, त्यांना सांग, धाप लागते तर न्याहारीला डुक्कर जरा कमी खा!" गाय बिचारी एकदा त्याच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे... शेवटी निघूनच गेली. पण त्याच्याशी? त्याच्याशी मी काही बोललो नाही!

भांडण कशावरून म्हणता? बाकावरून! बुर्गी गेल्यावर दरीच्या टोकाला मी तिच्या नावाचा बाक बसवला, धबधब्याकडे तोंड करून, कारण तिला धबधबा आवडायचा, नवरा ना मी तिचा, मला नाही कळणार? आठवड्यात बघतो तर बाक फिरवलेला! हिमनदीकडे! वर मलाच म्हणतो, "माझी ताई लहानपणापासून हिमनदीच बघत बसायची. तू कोण रे, कालचा?" कालचा! अख्खा संसार केला आणि मी कालचा!

तर पोचलो. बसलो. तो त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये बुर्गी मावेल एवढी जागा. समोर ढग. हिमनदी नाही, बिमनदी नाही, नुसता पांढरा पडदा. पाठीमागे धबधबा गडगडतोय. त्याने पाव काढला, कापला, अर्धा मधल्या जागेत ठेवला. मी काही बोललो नाही... खाल्ला मात्र.

आणि मग, ढगाकडे बघतच, हा म्हणतो, "बुधवारी जातोय. ग्राझला, शहरात, लेकीकडे. कायमचा."

हातातला उरलेला तुकडा मी परत मधल्या जागेत ठेवला हो!

"तेव्हा बाक फिरवायचा असेल तर आत्ताच हात लावतो," म्हणतो. "नंतर तुला एकट्याला उचलायचा नाही."

आता यावर काय बोलायचं माणसाने? सांगा ना! मी... मी काही बोललो नाही. उठलो. त्याने तिकडून धरला, मी इकडून, "डावीकडे!" "अरे, तुझ्या डावीकडे की माझ्या?" "पाय सांभाळ, गाढवा!" झालं, सुटलं बोलणं! बाक वळवला, धबधब्याकडे तोंड करून बसलो, आणि नेमका तेव्हाच पाठीमागचा ढग उठला असणार, कारण समोरचे कडे एकदम लखलखायला लागले. हिमनदी उघडली होती, कळत होतं. पण दोघांपैकी एकाने मान वळवली असेल तर शपथ!

उतरताना हा जो सुरू झाला तो गावापर्यंत थांबला नाही. ताई अशी, ताई तशी, ताईने मला ओढ्यात ढकललं होतं... बुर्गीच्या असल्या गोष्टी, ज्या मला तिने कधी सांगितल्याच नाहीत! ऐकत होतो मी. संपू नये असं वाटत होतं, आणि रस्ता नेमका उताराचा.

बुधवारी गेला. चौकात बसपाशी हात हलवायला मी एकटाच.

परवा फोन आला. ग्राझची लिफ्ट कशी अडकते, पाव कसा रबरासारखा, शेजारी कसे ओळख देत नाहीत... एक शब्द मला बोलू देईल तर! इकडे चुलीवर माझं सूप आटलं, त्यातले पावाचे गोळे फुटले, तळ लागला, घरभर धूर झाला. पण फोन ठेवायचा कसा?

करपलं ते करपलं म्हटलं, एकट्यापुरतंच तर होतं.