पापणीची परीक्षा

बसथांब्यावर आम्ही तिघी होतो: मी, गळ्यात शिट्टी घातलेली एक प्रशिक्षक आणि हँडबॉलची गोलकीपर असलेली तिची भाची. त्यांच्या जाळीच्या पिशवीत एक फुगा, एक स्पंजचा चेंडू आणि एक खरा चेंडू होता.

“मावशी, उद्या सामना आहे. आता तरी खरा चेंडू मार ना!”

“स्पंजचा आला तरी डोळे मिटतेस. खऱ्याला काय, घरी पळशील?”

“मिटत नाही काही. पापणी आपोआप लवते.”

“मग तिला सांग, उद्या बाकावर बसायचंय.”

“फुग्याला लवत होती का?”

“सुरुवातीला लवायची. थांबली, म्हणून तर स्पंजवर आलीस. आता दहा चेंडू डोळे उघडे ठेवून अडव. खरा चेंडू तुझा, उद्या गोलपोस्टही तुझा.”

“इथेच?”

“बस कुठे आलीय? अहो ताई, जरा मोजता का? मी मोजलं की ही म्हणते, मावशी लबाड आहे.”

“आहेसच! ताई, हिच्याही पापण्या मोजा.”

“फेकणाऱ्याची कशाला लवेल गं?”

“मोजू देत की!”

मी दोघींच्या मधे, जरा बाजूला उभी राहिले.

दहाही चेंडू अडले. भाचीची पापणी एकदाही लवली नाही. मावशीची सात वेळा लवली.