घ. भा.चा रकाना

हॅलो?… हो, शाळेचं ऑफिसच… अगं, तू होय? मग सरळ ताई म्हण ना, 'मॅडम आहेत का' काय विचारतेस. बोल, पण माझा हात चालू राहील हं. चारला तक्ते वर पाठवायचेत आणि सव्वातीन झालेत.

… कोणी सांगितलं तुला?… भिंगरीनंच? बरंय. पोरगी अजून आईला सगळं सांगते, जपून ठेव.

हो, हो… अगं ऐक ना. फॉर्म दुसऱ्यांदा का भरून घेतले, ते आधी ऐक. पहिल्या फॉर्मवर छापलं होतं 'घ. भा.'. घरची भाषा. छापणाऱ्यानं जागा वाचवली. निम्म्या पालकांना वाटलं, घरभाडं. एकानं लिहिलं, 'मालक वाढवून मागतो आहे.' एकीनं लिहिलं, 'लागू नाही, फ्लॅट स्वतःचा'… हो, ती तूच. तुझं अक्षर ओळखते मी.

मुख्याध्यापक म्हणाले, पालक पुरे झाले, आता पोरांकडूनच वर्गात भरून घ्या. पोरांना भाड्याची काळजी नसते. त्यांनी खरं लिहिलं.

… चुकून? नाही गं, चुकून नाही. समोरच आहे तिचा फॉर्म… वाचू?… 'घरी आजीची भाषा. बाबा पण तीच. शाळेची भाषा फक्त आईशी.' शेवटी टिंबसुद्धा दिलंय.

… आपल्या आईला कसं कळेल? नावं या खोलीबाहेर जात नाहीत. वर जातो तो नुसता आकडा. आणि तिला आता तुझ्या परभाषेतल्या लग्नाचं काय पडलंय, बारा वर्षं झाली. ती जावयाला तुझ्याआधी वाढते.

… तिच्या उत्तरावर एक रेघ मारू?… एकच ना? मग त्या रेघेचा हिशेबही ऐकून घे.

चौथीच्या तक्त्यात हा रकाना आजवर नव्हता. यंदा पहिल्यांदा भाषा आणि गणिताचे मार्क शेजारी-शेजारी मांडले. नुसती आकडेमोड असते तिथे सगळी पोरं सारखी. शाब्दिक उदाहरणं आली की पंधरा जण धपकन खाली, आणि पंधराही जण घरी दुसरं काही बोलणारे… थांब, पुढे आहे. मी वर्गाच्या बाईंना म्हटलं, पेपर काढा. काढले. सगळी एकाच शब्दाला अडकलेली. 'प्रत्येकी'… हो, 'प्रत्येकी'. बारा फुगे चार मुलांना सारखे वाटले, प्रत्येकी किती. भिंगरीनं लिहिलंय सोळा. भागाकार येतो तिला, शब्द कुणी दिला नाही. आणि सगळ्यांदेखत विचारायचं कसं?

… शेरा? 'लक्ष नसते.' पंधराही जणांना तोच. बाईंनी शिक्का करून घेतला असता तर शाई तरी वाचली असती.

आता नियम असा, की पंधरा मुलं झाली तर भाषेसाठी जादा बाई मिळतात. चौदा झाली तर पत्र येतं, 'नोंद घेतली आहे.' पंधरावी तुझी आहे… घाबरवत नाहीये गं, मोजतेय. मला मोजण्याचाच पगार मिळतो.

… वेगळं बसवतील? मागच्या बाकावर?… हं. ती भीती खरी आहे. तसं झालेलं मी पाहिलंय, खोटं कशाला बोलू. म्हणून तर मुख्याध्यापकांकडून आधीच लिहून घेतलं, की पोरांना वर्गाबाहेर काढायचं नाही, जादा बाईंनी वर्गात येऊन शिकवायचं. ते म्हणाले, माझ्यावर विश्वास नाही का? म्हटलं, आहे, पण इथे सही करा.

… हो, बदलता येतं. पालकांचा अर्ज लागतो. चारच्या आत ये, लिही, मी तुझ्यादेखत खोडते. बहीण म्हणून अडवणार नाही आणि बहीण म्हणून फोनवर खोडणारही नाही. अर्ज एकाच ओळीचा आहे: आमच्या घरी अमुक भाषा बोलतात. ते अमुक तुझ्या हातानं लिहायचं.

… हॅलो?… आहेस ना?… हॅलो…

… आहे ना मी. कोण आलं होतं?… सासूबाई? काय विचारत होत्या?… गोळी जेवणाआधी की नंतर… अच्छा. मला एक अक्षर कळलं नाही. पण उत्तर तू दिलंस ना?… चिडवत नाहीये गं. त्यांची भाषा पहिल्यांदा ऐकली तुझ्या तोंडून. फार सफाईनं बोलतेस. मध्येच हसलीससुद्धा. आमच्याशी तू अशी सलग कधी बोलत नाहीस, शब्द निवडत बसतेस.

…

ऐकतेय मी… रडतेयस की सर्दी?… बरं, सर्दी.

… मग अर्जाचं काय?… नको म्हणजे नक्की नको?… मी ठरवत नाही, बाई. तू आई आहेस, तुझ्या तोंडून आकडा हवा. चौदा की…

… बरं. पंधरा. आत्तापर्यंत पेन्सिलनं होतं, आता पेनानं केलं. ठेव.