अळंब्यांची जागा

"आम्ही चेक माणसं पाहुण्यांपासून काही म्हणजे काही लपवत नाही!" ओलोमोत्सच्या बसच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या क्वेताबाईंनी जाहीर केलं आणि टोपलीवरचा रुमाल नीट ओढून घेतला.

"अळंबी आहेत ना गं त्यात?" शेजारीण मिलादाने विचारलं.

"असतील."

"कुठं मिळाली?"

"जंगलात."

"इतक्या वर्षांची शेजारीण मी, क्वेता!"

"म्हणून तर! सख्ख्या बहिणीलासुद्धा जागा दाखवली नाही मी."

"आणि तुझ्याकडे शिकायला राहिलीय त्या पोर्तुगीज पोरीला?"

"इनेशला दाखवली. उद्या परत चाललीय, रडत होती बिचारी. शिवाय लिस्बनहून टोपली घेऊन थोडीच येणारेय ती!"

बस दिसली तशी मिलादाने पिशवीतून फोन काढला.

"क्वेता, तिचा फोन नंबर दे ना जरा. निरोप घ्यायचा राहिलाय."