घोड्याला किल्ली नसते

…आणि घोड्याला किल्ली नसते, तुम्हाला सांगतो, सगळा घोळ तिथेच आहे. काउबॉय येतो, गुत्त्यासमोर घोडा बांधतो, आत जाऊन चौघांना लोळवून बाहेर येतो, घोडा जागेवर. मी कसबा पेठेत रामदासच्या दुकानासमोर स्कूटर लावली, वर जाऊन पिक्चर बघितला, गॅलरीत आलो, तर खाली एक बाई त्याच स्कूटरवर बसून निघालेली. किल्ली मीच स्कूटरला लावून ठेवलेली. पिक्चरमध्ये हे दाखवत नाहीत.

त्यात स्कूटर माझी नाही, पूर्णिमाची, म्हणजे बायकोची. स्वतःच्या पगारातून घेतलेली. दर शनिवारी मला देताना एकच वाक्य, "किल्ली काढा आणि खिशात ठेवा. दोन्ही कामं करा." मागच्याच शनिवारी मी विसरलो, तेव्हा चहावाल्याने किल्ली वर आणून दिली, आणि रामदासने लगेच आमच्या घरी फोन करून कळवलं. असे मित्र. पूर्णिमा शांतपणे म्हणाली, "पुन्हा झालं, तर शनिवार बंद."

आता रिटायर झालेल्या माणसाकडे शनिवार सोडून असतं काय हो? खाली रामदासचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान, वर खोली, खोलीत प्रोजेक्टर, आम्ही चार म्हातारे आणि काउबॉय. गोळीबारात आम्हाला रस नाही, तो दोन मिनिटांत उरकतो. खरी मजा शिकारीची. एक पुढे पळतोय, एक मागे, मध्ये नुसतं वाळवंट… मागचा घोड्यावरून उतरतो, चिमटीत माती घेतो, हुंगतो आणि म्हणतो, "सकाळीच गेलेत." हे जरा कसब्यात करून दाखवा. माती हुंगायला वाकलात की मागून हॉर्न, आणि वर, "काका, चक्कर येतेय का?"

तर मी धावत खाली. कोपऱ्यावर रिक्षा. म्हटलं, त्या स्कूटरच्या मागे घ्या. रिक्षावाला पेपरातून मान वर न काढता, "कुठं जायचंय?" म्हटलं, ती जाईल तिथे. "ती कुठं चाललीय?" अहो, ते माहीत असतं तर पाठलाग कशाला केला असता, आधीच जाऊन बसलो नसतो? तर म्हणे, "हडपसरकडं गेली तर येतो. घर लोणी काळभोरला हाय, उलटं नाही पडायचं." आता चोराला थांबवून विचारू का, की बाई, आपण कुठल्या बाजूला पळताय? घोडा कधी म्हणतो का, की तिकडे येणार नाही? पिक्चरमध्ये हे दाखवत नाहीत. शेवटी म्हटलं, अहो, बायकोची स्कूटर आहे. तशी त्याने पेपराची घडी केली. "मग आधी सांगायचं ना, साहेब."

निघालो. पण धरणार कुणाला? सिनेमात तोंडाला रुमाल बांधलेला माणूस दिसला की तोच दरोडेखोर, विषय संपला. पुण्यात सिग्नलला बघा. स्कार्फ, गॉगल, हातमोजे… उभी टोळीच. मी ओळखली ती निळ्या फुलांच्या सनकोटावरून. आणि त्या बाईचं धाडस बघा, सनकोटही पूर्णिमाचाच. डिकीतून काढून बिनधास्त अंगात घातलेला. पायाशी नवंकोरं तांब्याचं घंगाळ, म्हणजे आणखी कुठे तरी डल्ला मारून आलेली… हसू नका. शिकारीच्या नादात माणसाला फक्त पुढच्याचं मागचं चाक दिसतं.

पूल ओलांडून कर्वे रोडला लागलो. प्रत्येक सिग्नलला पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे थांबणारी दरोडेखोर मी पहिल्यांदाच बघत होतो. पुढे तर भाजीच्या गाडीपाशीच थांबली. कोथिंबीर. ही जुडी उचल, ती हुंग, दोन्ही परत ठेव. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, धरा की आता." म्हटलं, सावज पाणी पीत असताना शिकारी झडप घालत नाही, नियम आहे. नियम कसला! ती बाई भाजीवाल्याला झापत होती, आणि ते झापणं ऐकून, का कोण जाणे, मलाच घाम फुटला.

रिक्षात बसल्या बसल्या आठवलं, स्कूटर घेतली त्या दिवशी पूर्णिमाने तिला हार घातला होता, आणि मला मागे बसवून साऱ्या गावातून फिरवून आणलं होतं. मी लाजत होतो, ती नाही. शनिवार गेला तर जाऊ दे, पण स्कूटर गेली हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

बाई पुन्हा निघाली. वारजे आलं. मग आमचा रस्ता, आमची गल्ली. म्हटलं, कमाल आहे, चोर आमच्याच भागातला. मग आमचं गेट, आमचं पार्किंग, आमचीच जागा. तेव्हा रिक्षावाला हळूच म्हणाला, "साहेब… वैनी तर न्हाईत ना त्या?"

गॉगल निघाला, स्कार्फ निघाला. पूर्णिमाच. स्कूटर माझ्याकडे, म्हणून घंगाळ आणायला बिचारी बसने कसब्यात आली होती. दुकानासमोर स्वतःची स्कूटर दिसली, किल्लीसकट.

म्हटलं, मी मागे आहे ते कळलं नाही तुला? "आरशात दिसत होतात की. कर्वे रोडच्या पुतळ्यापाशी हातही केला. तुम्ही खाली वाकून लपलात."

मी विचारलं, म्हणजे शनिवार बंद? तिने स्कार्फची घडी घातली, किल्ली काढली, पर्समध्ये ठेवली, म्हणजे दोन्ही कामं केली, आणि म्हणाली, "इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझ्या मागे मागे आलात. आणि तेही स्कूटरसाठी."

सिनेमातला हिरो इथे टोपी खाली ओढतो आणि मावळतीकडे घोडा वळवतो. मी कुठे जाऊ? घोडा तिचा, किल्ली तिच्या पर्समध्ये, आणि रिक्षा केव्हाच लोणीच्या वाटेला लागलेली. मी घंगाळ खांद्यावर घेतलं आणि निघालो तिच्या मागोमाग. लिफ्ट बंद, आम्ही पाचव्या मजल्यावर… पिक्चरमध्ये हे दाखवत नाहीत.