दारातला चहा

दुबईत ऊद मेथातल्या कॅफेटेरियासमोर करक, म्हणजे दाट दुधाच्या कडक चहासाठी रांग होती. शुभ्राच्या पुढे एक बाप-लेक उभे होते. मराठी कानावर पडलं, तसा तिने हातातला फोन पर्समध्ये टाकला.

“अस्मी, बर्मिंगहॅमला तुझं काम नक्की काय असणार?”

“बाबा, तिथलं एक जुनं मार्केट पाडतायत. ट्राम येणार, नवे फ्लॅट्स येणार. इट्स ह्यूज. दुकानदारांना नवीन जागेत शिफ्ट करायचं, ते मी बघणार.”

“म्हणजे इथून उठा, असं तू सांगणार.”

“समवन हॅज टू, बाबा. आणि नवीन जागा खरंच चांगली आहे.”

“असेल की. करामातली आपली बिल्डिंग पाडायची ठरली, तेव्हाही असाच एक जण सांगायला आला होता. तुझ्या आईने त्याला चहा दिला. तो घाईत होता. दारातच उभा राहिला, बोलला आणि कप तसाच ठेवून गेला.”

“मग?”

“मग काय, खलास. इंटरनॅशनल सिटीत आलो, घर मोठं मिळालं. जुन्या घराचं तुझी आई कधी नावही काढत नाही. त्या चहाचं मात्र अजून काढते.”

“मला कधीच नाही सांगितलं तिने.”

“तिथे कोणी चहा विचारला, तर आत जाऊन बस. पूर्ण पी. मग सांग काय सांगायचं ते.”

“बट आय हेट चाय. यू नो दॅट.”

“माहितीये.”

रांग सरकली.

“दो करक, भाई,” बाप खिडकीत वाकून म्हणाला. “एक में चीनी ज़्यादा. बेटी सीख रही है.”